मायलिनची डागडुजी: चेन्नईतली टिपणे

२०२२च्या बुद्धिबळ ऑलिम्पियाडसाठी इथल्या नेपियर पुलावर काळ्या-पांढऱ्या चौकटी रंगवल्या होत्या. मेंदूविकार तज्ज्ञाकडच्या एका तपासणीत असाच पट पडद्यावर दिसतो. चौकटी सारख्या रंग पालटतात आणि डोक्याला मागच्या बाजूने लावलेल्या तारा दृश्य मेंदूपर्यंत कधी पोचलं ते टिपतात. साधारण १०० मिलिसेकंद. डोळ्याच्या नसेवरचं मायलिन, म्हणजे तिचं वेष्टण, झडलं की उशीर होतो. मायलिन झडत जाणाऱ्या एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस) या आजारात नेमकं हेच मोजतात.

*

कुत्रं चावलं की पोटात चौदा इंजेक्शनं! ही धास्ती आपल्याकडे अनेकांना आठवत असेल. रेबीजवरची ती सेम्पल पद्धतीची लस मेंढीच्या मेंदूपासून बने. तामिळनाडूत कुन्नूरच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये, मुंबईत हाफकिनमध्ये. मेंदू म्हटला की मायलिन आलंच. क्वचित एखाद्याचं शरीर त्या परक्या मायलिनवर चवताळे आणि त्याच भरात स्वतःच्याही मायलिनवर तुटून पडे. पाय लुळे पडत, लघवी अडे. १९३०च्या दशकात संशोधक टॉमस रिव्हर्स यांनी माकडांना निरोगी मेंदूचा अर्क पुन्हा पुन्हा टोचून हेच घडवून दाखवलं. एमएसवरच्या प्रयोगांतला फार मोठा भाग त्याच वाटेने आला. आपल्याकडे ही लस २००४-०५च्या सुमारास बंद झाली.

लुळे पडलेल्यांपैकी काही जण पुढे चालू लागले. सूज उतरली हे एक कारण. दुसरं अधिक रंजक: झडलेलं मायलिन पुन्हा घडतं.

*

मायलिन गुंडाळणाऱ्या पेशी म्हणजे ऑलिगोडेंड्रोसाइट. त्यांच्या पूर्वज पेशी प्रौढ मेंदूतही सगळीकडे विखुरलेल्या असतात, एकूण पेशींच्या सुमारे पाच टक्के. इजा झाली की मायक्रोग्लिया या मेंदूतल्या सफाई पेशी आधी मोडतोड उचलतात. ती तशीच पडून राहिली तर पुढचं काम अडतं. मग पूर्वज पेशी वाढतात, जागेवर पोचतात, पक्व होऊन नवं वेटोळं घालतात. ते पहिल्यापेक्षा पातळ असतं, पण संदेश धावतो. मांजरीच्या मज्जारज्जूत हे १९६१मध्येच दिसलं होतं.

एमएसमध्ये घोडं बऱ्याचदा शेवटच्या पायरीवर अडतं: पूर्वज पेशी हजर असतात, पण पक्वच होत नाहीत. वयानुसार ही अडचण वाढते.

*

हे चित्र मुख्यतः प्राण्यांवरून काढलेलं आहे. अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेल्या कार्बन-१४वरून स्वीडनमधल्या संशोधकांनी माणसातल्या या पेशींचं वय काढलं, तेव्हा एमएसमध्ये मायलिन झडून पुन्हा भरून आलेल्या डागांतल्या पेशी बऱ्याच जुन्या निघाल्या (२०१९). म्हणजे आपल्यात बचावलेल्या पेशीच पुन्हा कामाला लागत असाव्यात. उंदरावरच्या यशाने लगेच हुरळून जाऊ नये, ते यासाठी.

*

म्हणूनच आयआयटी मद्रासच्या मेंदू केंद्राचं काम मोलाचं वाटतं. इथे माणसाच्याच मेंदूचे पातळ काप पेशी दिसतील इतक्या बारकाईने टिपतात. गर्भाच्या मेंदूचा ‘धरणी’ हा ५,१३२ कापांचा नकाशा त्यांनी डिसेंबर २०२४मध्ये सर्वांसाठी खुला केला.

*

क्लेमास्टिन हे ॲलर्जीचं जुनं औषध. अडलेल्या पूर्वज पेशी त्याने पक्व होतील या आशेने सॅन फ्रान्सिस्कोत एमएसच्या ५० रुग्णांवर ते तपासलं (निष्कर्ष २०१७मध्ये आले), तेव्हा तो चौकटींचा उशीर सरासरी १.७ मिलिसेकंदांनी घटला. आकडा चिमुकला, पण झालेली इजा औषधाने थोडी भरून निघू शकते याचा तो पुरावा. पुढे दुसऱ्या एका चाचणीत, आजार सतत वाढत जाणाऱ्या रुग्णांत, हेच औषध घेणाऱ्या काहींची प्रकृती झपाट्याने ढासळली आणि ते देणं थांबवावं लागलं. तेव्हा घरात कुणाला एमएस असेल, तर ही गोळी डॉक्टरांना न विचारता परस्पर आणू नका.