केळनेचा उतार

आम्हां उभयतांची वये मिळून १२२ वर्षे भरतात. अशा वयात सायकली घेऊन आम्ही अजिंठ्याच्या डोंगराकडे निघालो, तेव्हा जालन्यातील आमच्या धर्मग्रामातल्या मंडळींनी प्रथम आमच्याकडे व मग सायकलींकडे पाहिले. सायकली आमच्यापेक्षा धडधाकट होत्या. भोकरदनकडे रिकामा परतणारा मिरचीचा टेम्पो मिळाला. त्यात सायकली चढविल्या, गोणपाटावर आम्ही बसलो आणि शिंकत शिंकत मुक्कामी पोहोचलो.

केळना नदीच्या काठचे भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची आणि भारहूत येथील स्तूपांना दान देणाऱ्यांत या गावच्या माणसांची नोंद कोरलेली आहे. १९७३ साली येथे उत्खनन झाले. त्यात मिळालेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीशी मिळतीजुळती मूर्ती इटलीतील पाँपेई येथे राखेखाली सापडली होती. एवढ्या दूरवर ज्या गावाचे जाणे-येणे होते, तेथून आमच्या मूळ गावी जावयास मात्र आम्हांस नऊ वर्षे सवड झाली नव्हती. सवड हा शब्द आम्ही लोकांना सांगण्यासाठी वापरीत असू.

खरे कारण विहीर हे होते. वडिलांच्या मागे शेत आम्हां दोघां भावांत वाटले गेले, विहीर सामाईक राहिली आणि पाण्याच्या पाळीवरून एका उन्हाळ्यात नको ते शब्द बोलले गेले. चूक कोणाची याचा निवाडा येथे करीत नाही. निम्मी आमची होती, आणि ही निम्मी मान्य करावयासही बरीच वर्षे लागली. गावाचे नाव लिहीत नाही. धाकटे बंधू हे पान वाचतात. दर रविवारी मिस्सेत शांतीचे अभिवादन करताना शेजारच्या बाकावरील अनोळखी माणसापुढे आम्ही हसतमुखाने हात जोडीत होतो, याचे तेव्हा काही वाटत नसे.

सहलीचा मार्ग सौ.ने आखला होता. तो कोठे जातो हे आम्ही विचारले नाही, तिनेही सांगितले नाही.

भल्या पहाटे भोकरदनहून पूर्वेस असईच्या वाटेला लागलो. रस्त्याच्या कडेला मक्याची कणसे वाळत घातलेली, तूर फुलावर आलेली, आणि उत्तरेस अजिंठ्याची रांग धुक्यात निळसर. २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या फौजा या भागात केळना आणि जुई या नद्यांमधल्या भूमीवर उभ्या होत्या. समोरून तोफांच्या तोंडी जाणे आर्थर वेलस्लीला नको होते. पण जवळपास नदीला उतार नाही, असे वाटाडे सांगत होते. त्याने दुर्बीण लावली. दोन काठांवर अगदी समोरासमोर दोन गावे दिसली. अशी गावे उतारावाचून राहावयाची नाहीत, असा त्याने तर्क केला, माणूस पाठवून खात्री करून घेतली आणि सैन्य पार नेले. सायंकाळपर्यंत त्याचे पंधराशेंहून अधिक लोक ठार वा जखमी झाले होते, आणि मराठ्यांच्या ९८ तोफा गेल्या होत्या. पुढे १८१५ साली वॉटर्लू येथे नेपोलियनला हरविणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन तो हाच. तरीही, आपली सर्वांत उत्तम कामगिरी कोणती, असे विचारले असता त्याने असईचे नाव घेतले.

हे सारे आम्ही नदीकाठी सौ.ला मोठ्या तपशिलाने सांगत होतो. शेजारच्या शेतात कापूस वेचणारी एक वृद्धा ऐकत होती. तिला या सेनापतीच्या बुद्धीचे काहीच विशेष वाटले नाही.

“माझं माहेर पल्याड हाय,” ती म्हणाली. “लेकीबाळी येत्यात-जात्यात, मग वाट राहणारच की.”

सौ.ने आमच्याकडे पाहिले नाही. तिने सायकलीचे तोंड उत्तरेस वळविले.

पुढची चढण आम्हांस फार जड गेली. डांबर संपून खडी लागली, आणि तीही संपून बैलगाडीची चाकोरी. उतरून सायकली हातांनी ढकलाव्या लागल्या. काळा खडक, वाळू लागलेले गवत, मधूनच सीताफळीची झुडपे. एका वळणावर दम खाण्यास थांबलो. या रांगेच्या पलीकडे पडणारा पाऊस तापीला मिळून अरबी समुद्रास जातो, आणि अलीकडचा केळना, पूर्णा, गोदावरी अशा वाटेने बंगालच्या उपसागरास. लहानपणी आम्ही दोघे भाऊ डोंगरमाथ्यावर उभे राहून दोन्हीकडे तांब्याने पाणी ओतीत असू आणि कोणाचे आधी पोहोचेल यावर पैज लावीत असू. पैजेचा निकाल अर्थातच कधी लागला नाही.

गावाचा फाटा आला तेव्हाच आमच्या मागच्या चाकात बाभळीचा काटा घुसला. सौ. म्हणते, तो देवाने पाठविला. आम्ही म्हणतो, त्या वाटेवर बाभळी फार आहेत. असो. सायकल ओढीत आम्ही घरापुढे उभे राहिलो.

भावजय धावत आली, सौ.ला “ताई” म्हणून तिने मिठीच मारली. बंधू गोठ्यातून बाहेर आले. आम्हांस काय बोलावे सुचेना; वाटेत जुळविलेली वाक्ये चढणीवरच कोठे तरी सांडली होती. त्यांनी आमच्याकडे पाहिले, मग बसलेल्या चाकाकडे.

“दादा, काटा काढला का?”

“काढला. पंक्चर आहे.”

त्यांनी सायकल उलटी केली, टायर सोडविला, ट्यूब बाहेर ओढली. थोरल्या मुलाला हाक मारून घमेले भरून पाणी आणावयास सांगितले. मुलगा आमच्या खांद्याइतका उंच झाला होता. तो विहिरीकडे गेला. ट्यूब पाण्यात बुडवून बंधू बुडबुडे कोठून येतात ते पाहत राहिले, आणि आम्ही शेजारी उकिडवे बसून काचकागद हातात धरून होतो.