थीम गावाची, भाकरी चामड्याची

भाकरी दोनदाच चांगली लागते. एकदा तव्यावरून उतरल्या उतरल्या, आणि एकदा पार वाळून कडक झाल्यावर. मधल्या काळात ती असते चामडं. तुम्ही ओढता, ती ताणली जाते, तुटत मात्र नाही! आणि शहराबाहेर हायवेला लागून जी 'व्हिलेज थीम' रिसॉर्ट्स उगवली आहेत ना, ती आपल्याला नेमकी ही मधली भाकरी विकतात. टॅक्स एक्स्ट्रा.

नमुना म्हणून आमच्या ग्रुपची डिसेंबरमधली पिकनिक घ्या. पुण्याहून दीड तासावर वॉटर पार्क, झिपलाइन आणि 'अस्सल गावरान जेवण', सगळं एकाच पॅकेजमध्ये. नाव लिहीत नाही, कारण नाव बदललं तरी तुम्हाला मेनू ओळखीचा वाटेल. गेटवर बॅगा तपासल्या गेल्या आणि एका मैत्रिणीच्या आईने दिलेला धपाट्यांचा डबा बाहेर ठेवून घेतला. बाहेरचं खाणं आत चालत नाही. आत फायबरच्या भिंतींची मातीची घरं, वेल्डिंग करून जागेवर बसवलेली बैलगाडी आणि जेवणाच्या शेडमध्ये ओळीने चार चुली. चुलीत लाल लाइट, त्यावर रेशमी फडकं, खाली छोटा पंखा. झाल्या ज्वाळा तयार! फोटो झकास येतो, हे मान्य.

बुफेत मी पदार्थ मोजले. ४२. पिठल्यावर साय धरलेली. भरतावर टोमॅटोचा गुलाब. खर्डा चक्क गोडसर. पुरणपोळी बिस्किटाएवढी आणि काडीला टोचलेली, पाटीवर नाव 'पुरणपोळी लॉलीपॉप'. (हे ज्याला सुचलं त्याला भेटायची माझी फार इच्छा आहे.) भाकऱ्या फॉइलमध्ये गुंडाळून मोठ्या हॉटबॉक्समध्ये ठेवलेल्या, त्यामुळे स्वतःच्याच वाफेने घामेजलेल्या. काउंटरमागे फेटा, बंडी आणि स्पोर्ट्स शूज घातलेला एक मुलगा होता. मी भाकरी उचलून परत ठेवली, तसा तो हळूच म्हणाला, "राहू द्या ताई, सकाळी सहाची आहे."

"मग तुम्ही लोक काय खाता?"

"घरची. कडक. आमच्या जतची."

काउंटरखाली त्याचा डबा होता. म्हणजे गिऱ्हाइकाचा डबा गेटवर आणि स्टाफचा डबा काउंटरखाली! त्याने अर्धी भाकरी मोडून दिली, वर शेंगांची चटणी. टक्कन आवाज झाला. गावाहून येऊन त्या भाकरीला आठवडा झाला होता, पण चव कुठे गेली नव्हती.

तर अशी ही जतला जायची सुरुवात.

त्याआधी एक गोष्ट मात्र सांगायला हवी. थीम पार्कात खाणं फसणं ही काही आपलीच खासियत नाही. १९५५च्या जुलैमध्ये कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडलं, तेव्हा पहिल्याच दिवशी खाण्यापिण्याचे स्टॉल रिकामे झाले होते, आणि प्लंबरच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याचे नळही पुरेसे चालत नव्हते. १९९२ मध्ये हीच मंडळी पॅरिसजवळ गेली आणि फ्रेंच माणसाला म्हणाली, पार्कात वाइन मिळणार नाही. पुढच्याच वर्षी नियम बदलावा लागला! आपल्याकडे १९८९ मध्ये गोराईला एस्सेलवर्ल्ड आलं, २०१३ मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका. तिथली थीम परदेशाची, परीकथेची, सिनेमाची. चाच्यांच्या जहाजावर बर्गर कसा लागायला हवा हे आपल्यापैकी कुणाला माहीत होतं? जे मिळेल ते खाल्लं. आता मात्र थीम आहे आपल्याच आजीचं स्वयंपाकघर. इथे जीभ फसत नाही हो. पिठलं कसं असतं हे तिला ठाऊक आहे.

जानेवारीत एका शुक्रवारी रात्री निघून पंढरपूर-सांगोला मार्गे जतला पोचले. सांगली म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कृष्णाकाठ आणि ऊस येतो. जत त्याच जिल्ह्याचा पूर्वेचा तालुका, पण चित्र पार वेगळं. माळरान, बाभळी, मधेच द्राक्षांचे आणि डाळिंबांचे हिरवे तुकडे, आणि जिथे ओल टिकली तिथे कणसावर आलेला शाळू. एकेकाळी हे डफळ्यांचं संस्थान होतं, १९४८ मध्ये विलीन झालं. पलीकडे लगेच कर्नाटक. दुकानांच्या पाट्या मराठी आणि गल्ल्यावरची बडबड कन्नड, असा मस्त मामला. २०२२च्या नोव्हेंबरमध्ये कर्नाटकच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी जतमधल्या गावांवर हक्क सांगितला, तेव्हा हे नाव आठवडाभर सगळ्या चॅनेल्सवर होतं. मूळ दुखणं पाण्याचं. २०१२ मध्ये इथल्या सीमेवरच्या गावांनी 'पाणी देत नसाल तर आम्ही कर्नाटकात जातो' असे ठराव केले होते.

एसटी स्टँडपासून जवळच एक खानावळ सापडली. चार टेबलं, भिंतीवर बसवेश्वरांचा फोटो, आत धूर. मावशींनी पहिला प्रश्न विचारला, "कडक का मऊ?"

मी म्हटलं, तुम्ही खाता ती द्या.

"आम्ही कडकच खातो की. पुण्या-मुंबईची आली की मऊ मागत्यात. मऊ पाहिजे तर बसावं लागंल, घातल्याशिवाय मिळायची नाही."

हे वाक्य मला फार आवडलं. गरम हवी असेल तर थांबा. थांबायचं नसेल तर कडक आहे. मधलं काही नाही! पुढ्यात आलं ते असं: कागदासारखी पातळ कडक भाकरी, तेलात मुरलेलं भरलं वांगं, उखळात कुटलेली शेंगांची चटणी, घट्ट दही, कच्चा कांदा, पातळ आमटी. गुलाबबिलाब काही नाही. कडक भाकरी आमटीत चुरायची आणि दोन मिनिटं गप्प बसायचं. मावशी स्वतः येऊन बघून गेल्या, भिजली का म्हणून. "आणि एक घ्या की अक्का," असा आग्रह वर.

कडक भाकरीचा फंडा नंतर त्यांनी आत नेऊन दाखवला. ज्वारीत गव्हासारखं चिवट ग्लुटेन नसतं, म्हणून गरम पाण्याने पीठ मळून थापतात. गार होताना आतला ओलावा तसाच राहिला की ती वातड होते. कडक भाकरीत तो ओलावा ठेवायचाच नाही. पातळ थापायची, फडक्याने दाबून दाबून भाजायची, मग चुलीच्या धगीला उभी करून आणखी वाळवायची. पाणी गेलं की बुरशीची भीती गेली. बुट्टीत रचून ठेवली की कितीतरी दिवस टिकते. यात हौस कमी आणि गरज जास्त आहे. या तालुक्यातून दरवर्षी टोळ्या ऊसतोडीला जातात. उसाच्या फडात रोज चूल पेटवून थापत बसायला वेळ कुणाला? आपण जिला 'रस्टिक' म्हणून डिशमध्ये सजवतो, ती दुष्काळाने शिकवलेली भाकरी आहे.

दुसऱ्या दिवशी गुड्डापूर. बाराव्या शतकातल्या शरण परंपरेतल्या दानम्मादेवीचं हे ठाणं, जत तालुक्यातच. देवीचा जन्म जवळच्या उमराणीचा आणि मूळ नाव लिंगम्मा, असं परंपरा सांगते. दान करणारी म्हणून दानम्मा. कार्तिकातल्या अमावस्येला इथे मोठी यात्रा भरते आणि कर्नाटकातून लोक चालत येतात. मी गेले तेव्हा यात्रा नव्हती, तरी गाड्यांची रांग होतीच. आणि मला बघायची होती पंगत. लिंगायत परंपरेत अन्नदानाला दासोह म्हणतात, आणि ते उपकार म्हणून करायचं नसतं.

माझ्या ताटात त्या दिवशी हुग्गी होती, म्हणजे गव्हाची गूळ घालून केलेली खीर. शिवाय भात, सार आणि एक कोरडी चटणी. चार पदार्थ. पोती उचलावी तसा भात टोपल्यांतून येत होता, खिरीच्या बादलीत पळी उभी राहत होती, आणि सार इतकं कढत की बोटं भाजली. शेजारच्या आजींनी माझ्याकडे बघून वाढप्याला कन्नडमध्ये काहीतरी सांगितलं आणि माझ्या ताटात आणखी एक पळी हुग्गी पडली. नको म्हणायला मला कन्नड येत नव्हतं.

तिथे बसल्या बसल्या मी एक हिशोब मांडला. रिसॉर्टवर एका रविवारी ६०० माणसं धरा. माणशी दोन भाकऱ्या, म्हणजे १२००. एक सराईत बाई एका चुलीवर तासाला ४० थापते असं समजू. लंच चालतो दीड तास. म्हणजे सगळ्यांना तव्यावरची भाकरी द्यायची तर २० बायका आणि २० चुली लागतील. हे कुणी करणार नाही, म्हणून सकाळी सहाला थापून फॉइल! त्यात बिचाऱ्या स्वयंपाक्याची चूक काय? ज्याने बुफेत ४२ पदार्थ घातले आणि भाकरीचं पोस्टर गेटवर लावलं, चूक त्याची.

गर्दीचा स्वयंपाक वाईटच होतो हे साफ खोटं आहे. गर्दीला झेपणारे पदार्थ असतात. खीर थांबते, सार उकळत राहतं, भात पाठोपाठ उतरवता येतो, कडक भाकरी आणि चटणीला वेळेचं बंधनच नाही. इकडे कर्नाटकात कोप्पळच्या गवीमठाच्या जत्रेला गावोगावचे लोक घरी केलेल्या ज्वारीच्या रोट्या गाड्या भरभरून आणतात, लाखांनी. फ्रेश-फ्रेश म्हणून कुणी ओरडत नाही. उलट पिठलं, भरीत, पनीर, नूडल्स, पास्ता असे दहा-दहा ट्रे कोमट ठेवणं म्हणजे चवीचाही खेळ आणि पोटाचाही. जागतिक आरोग्य संघटनेचा साधा नियम आहे, शिजलेलं अन्न वाढेपर्यंत ६० अंशांच्या वर ठेवा आणि साध्या हवेत दोन तासांपेक्षा जास्त नको. पुढच्या वेळी बुफेच्या ट्रेखाली ज्योत पेटली आहे का, एवढं वाकून बघा. चुलीतल्या रेशमी ज्योतीपेक्षा ती महत्त्वाची.

आणि गेटवरचा डबा! बाहेरचं खाणं बंद केलं की आतल्या खाण्याला स्पर्धाच उरत नाही. जतच्या मावशींच्या समोर दुसरी खानावळ आहे. वांगं बिघडलं तर गिऱ्हाईक रस्ता ओलांडतं. वॉटर पार्कात ओल्या कपड्यांत तुम्ही जाणार कुठे?

जतमध्ये सगळं आलबेल आहे असं मात्र नाही. परतीच्या वाटेवर हायवेला एक नवीन 'फॅमिली गार्डन' लागलं. फायबरचा बैल, रंगवलेलं बैलगाडीचं चाक, त्यात मान घालून फोटो काढायची सोय. मेनूत पहिलं पान चायनीज. ज्वारीची भाकरी शेवटच्या पानावर, 'स्पेशल' म्हणून, आणि मागवली तर आली फॉइलमध्ये. वाढणाऱ्या मुलाला विचारलं, घरी कसली खातोस? तो लाजून हसला. "कडक. पण ती हॉटेलात कोण खाईल?"

मी खाईन ना राजा! त्याला म्हटलं, मालकाला सांग, एका गिऱ्हाइकाने मागितली होती.

जायचं तर डिसेंबर ते फेब्रुवारीत जा. मार्गशीर्षात जतच्या यल्लमादेवीची यात्रा असते, तिथला जनावरांचा बाजार आणि खिल्लार बैल बघण्यासारखे. तालुक्यातलं माडग्याळ हे गाव त्याच्याच नावाच्या, पोपटनाकाच्या उंच मेंढ्यांसाठी प्रसिद्ध आहे, वाटेत कळप दिसला तर थांबा. रेल्वेने गेलात तर मिरज-पंढरपूर मार्गावर जत रोड स्टेशन आहे, पण ते गावापासून बरंच लांब, त्यामुळे सांगली किंवा मिरजेहून एसटी बरी. आणि पिशवी रिकामी न्या. मावशींनी मला २० कडक भाकऱ्या जुन्या वर्तमानपत्रात बांधून दिल्या, पैकी ३ वाटेत मोडल्या. उरलेल्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये आहेत.