बटणं, भांडी आणि लूसी री

सीनियरने रिव्ह्यूमध्ये "हे असं नको, आपल्याकडे असं करत नाहीत" म्हटलं की तुम्ही काय करता? बहुतेक जण मुकाट्याने बदलतात आणि मग चहाच्या टपरीवर त्याच्या नावाने बोटं मोडतात. मला अशा वेळी हल्ली लूसी री आठवते.

ही बाई व्हिएन्नाची, जन्म १९०२ चा. सिरॅमिकची भांडी घडवायची. १९३७ च्या पॅरिस प्रदर्शनात रौप्यपदक मिळालेलं, म्हणजे तिकडे चांगलं नाव झालेलं. पण ज्यू. १९३८ मध्ये नाझी आले आणि तिला लंडन गाठावं लागलं. तिथे तिला कोण ओळखतंय?

इंग्लंडात तेव्हा या क्षेत्रात शब्द चालायचा बर्नार्ड लीच यांचा. जपानी वळणाची, दणकट, मातकट भांडी. हिची भांडी बघून ते म्हणाले, फार पातळ आहेत. आणि हिने ऐकलं की! जाड भांडी करून पाहिली. पण ती काही तिची वाटेनात.

युद्धात तर पोटासाठी कपड्यांची सिरॅमिक बटणं करत बसली. १९४६ मध्ये हान्स कोपर नावाचा जर्मन निर्वासित कामाला आला. मातीकामाचा अनुभव शून्य! पण तू तुझंच कर, असा धीर दिला तो त्यानेच.

मग तिने केलं. बहुतेक लोक भांडं दोनदा भाजतात, आधी कोरं आणि मग ग्लेझ लावून. ही कच्च्या भांड्यालाच ब्रशने ग्लेझ लावायची आणि एकदाच भाजायची. वर सुईने कोरलेल्या केसासारख्या रेघा. पातळपणा? तो तसाच!

गंमत म्हणजे लीच यांच्याशी मैत्री शेवटपर्यंत टिकली. आणि ती बटणं? इस्सी मियाके या जपानी डिझायनरने १९८९ मध्ये आपल्या कपड्यांवर लावली. १९९० मध्ये पक्षाघाताचा झटका येईपर्यंत ती त्याच हाइड पार्कजवळच्या छोट्या घरात काम करत होती. १९९५ मध्ये गेली.

मला वाटतं, लीच यांना भांडी कळत होती, कोपरला लूसी कळली. सल्ला दोघांचाही प्रामाणिकच. पण आपल्या टीममधला कोपर कोण, हे वेळेवर ओळखता आलं पाहिजे. बऱ्याचदा तो सगळ्यात ज्युनियर असतो.