जुने ते सोने, पण कुलपात!

मैत्रिणींनो, जुनी वस्तू टाकून देणे आपल्या अगदी जिवावर येते. ट्रंकेतली हिमरू शाल काय, सासूबाईंचा पितळी स्टोव्ह काय, 'असू दे, लागेल कधीतरी' म्हणून आपण सगळे जपतो. पण जुना संगणक जपायचा म्हणजे नेमके काय करायचे, हे मला यंदा शिकावे लागले.

आमचे मामंजी निवृत्त शिक्षक. 1972 च्या दुष्काळाच्या आठवणी त्यांनी निवृत्तीनंतर संगणकावर लिहून ठेवल्या. खडी फोडायची कामे, मिलोच्या लाल भाकरी, मुलांना मिळणारी सुकडी, अशी 84 पाने! त्यांचा मराठी फॉन्ट जुन्या पद्धतीचा. त्यात इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी वळणे बसवलेली असत. त्यामुळे नव्या लॅपटॉपवर फाईल उघडली, की इंग्रजी अक्षरांचा नुसता काला दिसे. त्यांचा टायपिंगचा प्रोग्रॅम चाले तो जुन्या विंडोज 7 वर, आणि तो संगणक तर सुरूच होईना. मामंजी आता ऐंशीच्या घरात. "सूनबाई, माझं लिखाण गेलं म्हणायचं का?" असं त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं, तेव्हा मी पदर खोचला.

पुण्याचे भाऊजी फोनवर सांगत गेले, मी इथे छत्रपती संभाजीनगरला करत गेले. "वहिनी, आधी लिखाणाची प्रत, मग बाकी सगळं," हे त्यांचे पहिले वाक्य. विंडोज नव्याने टाकताना आधीचे सारे पुसले जाऊ शकते. म्हणून दुरुस्तीवाल्याकडून सगळ्या फायली दोन ठिकाणी उतरवून घेतल्या. संगणकाबरोबर आलेली मूळ डिस्क होती, पण ती चालवणारा भाग बिघडलेला. डिस्क पुण्याला पाठवली. भाऊजींनी रूफस नावाच्या मोफत प्रोग्रॅमने तिच्यावरून 8 जीबीचा पेनड्राइव्ह तयार करून दिला. असे करताना पेनड्राइव्हवरचे आधीचे फोटोबिटो पुसले जातात, हे ध्यानात ठेवा.

संगणक सुरू होताच बूट मेनूची कळ दाबून पेनड्राइव्ह निवडायचा. एक खुबी मात्र सांगते. पेनड्राइव्ह आणि कीबोर्ड काळ्या खाचेत लावावा. निळी खाच बहुधा यूएसबी 3.0 ची असते, आणि 2009 सालच्या विंडोज 7 ला ती मुळात ओळखताच येत नाही. डब्यावरच्या स्टिकरचा परवाना क्रमांक घातला, आणि तासाभरात पडदा उजळला. मग मामंजींचा प्रोग्रॅम टाकला. पहिले पान दिसल्यावर मामंजींनी चष्मा पुसला, बोलले काहीच नाहीत.

आमच्या ह्यांना मात्र हुरूप आला. "झकास चालतोय की! नेट जोड, लाइटबिल यावरच भरू." मी ठाम नाही म्हटलं. विंडोज 7 ला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणे 14 जानेवारी 2020 ला बंद झाले. त्यानंतर भिंतीला भोक सापडले, तरी बुजवायला गवंडी येत नाही.

"आपण भलतीसलती ईमेल उघडतच नाही," हे म्हणाले. पण मे 2017 मध्ये 'वॉनाक्राय' कुणी काही न उघडताही एका संगणकातून दुसऱ्यात शिरला आणि फायली कुलूपबंद करून खंडणी मागू लागला. ब्रिटनमध्ये तर इस्पितळांना रुग्ण परत पाठवावे लागले. त्यावरची दुरुस्ती मार्चमध्येच निघाली होती. ती ज्यांनी घेतली नव्हती, त्यांच्यावर हे संकट आले.

तेव्हा आमच्या घरी नियम ठरला. त्या संगणकाला इंटरनेट नाही, बँक नाही, पासवर्ड नाही. त्याने फक्त मामंजींची पाने दाखवायची. ती बघून मी रोज दुपारी दोन पाने युनिकोडमध्ये उतरवते. सगळी झाली, की त्यालाही विश्रांती.

तुमच्याकडे विंडोज 10 असेल, तर तिचीही नेहमीची साथ 14 ऑक्टोबर 2025 ला संपली आहे. बँकेचे व्यवहार करण्याआधी आपल्या संगणकावर काय आहे, हे घरात एकदा विचारून घ्या. जुने ते सोने खरेच, पण सोने कुणी उघड्या दारात टांगून ठेवत नाही!