छपरावरचं कोंडलेलं पाणी

खर्डा म्हटलं की 1795ची मराठे-निजाम लढाई आठवते. बांधकाम करणाऱ्याला मात्र या भागातली माळवदं आठवायला हवीत. तुळया, त्यांवर फळ्या किंवा काटक्या आणि वर फूटभर पांढरी माती. दुपारचं ऊन त्या मातीतून खोलीत उतरेपर्यंत रात्र पडते. तिच्या जागी आलेला चार-पाच इंची स्लॅब दिवे लागले तरी धगधगतो. पत्र्याचं तर विचारूच नका. मग लोक वर ओली पोती पसरतात, पाइपानं पाणी मारतात. उपाय खोटा नाही. एक लिटर पाण्याची वाफ होताना विजेच्या सुमारे दोन-तृतीयांश युनिटाइतकी उष्णता निघून जाते. पण उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या खर्ड्याच्या जामखेड तालुक्यात पाणी असं वाऱ्यावर सोडणं मला पटत नाही.

पाणी उडवण्यापेक्षा कोंडावं. हॅरोल्ड हे या संशोधकानं 1967मध्ये ॲरिझोनातल्या फीनिक्सला हेच करून दाखवलं: छतावर पाण्याच्या बंद पिशव्या, त्यांवर सरकती उष्णतारोधक झाकणं. उन्हाळ्यात दिवसा झाकायचं, म्हणजे पाणी खोलीतली उष्णता शोषतं. रात्री उघडायचं, म्हणजे ती निरभ्र आकाशाकडे निघून जाते. हिवाळ्यात याच्या उलट. दहा सेंटिमीटर पाणी, म्हणजे चौरस मीटरला 100 लिटर. ते दिवसात सहा अंश तापलं, तरी साधारण एक लिटर पाणी उडवण्याइतकं काम होतं, आणि थेंबही खर्ची पडत नाही. एका उन्हाळ्यात भरलेलं पाणी जवळजवळ फिटतं.

वजनाचा आक्षेप रास्त आहे, पण फूटभर मातीचं ओझं याच्या चौपट तरी असायचं आणि ते पेलणाऱ्या तुळया त्या हिशोबानंच घातलेल्या असत. नव्या स्लॅबचा आराखडा करतानाच हे 100 किलो धरावेत. जुन्या स्लॅबवर तपासणीशिवाय पिशव्या ठेवू नयेत, पत्र्यावर तर नाहीच. तिथे आधी पांढरा रंग द्यावा. दुमजली घरात फायदा फक्त वरच्या मजल्याला. ढगाळ रात्री काम मंदावतं, पण पावसाळ्यात तेवढी गरजही नसते. रोज झाकण कोण सरकवणार, हा प्रश्न मला फारसा मोठा वाटत नाही. उन्हाळ्यात झोपायला माणसं गच्चीवर जातातच. खरी धास्ती वळवाच्या वाऱ्याची आहे. सुटी थर्माकोलची पानं पहिल्याच वादळात शेजारच्या रानात जातील. झाकण रुळातच अडकवलेलं हवं आणि रूळ कठड्याच्या आत, स्लॅब ओततानाच बसवलेले.