दगडासाठी अर्ज

मास्तरकी करणाऱ्या माणसाला आयुष्यात अर्ज फार लिहावे लागतात. शेजाऱ्याच्या नळासाठी, कुणाच्या मावशीच्या पेन्शनसाठी, गल्लीतल्या गणपतीच्या मांडवासाठी. त्यात मी कादंबऱ्या लिहितो हे लोकांना कळल्यापासून माझ्या अर्जाला हटकून गुण येतो असा एक समज पसरला आहे. माझे शिक्षण मॅट्रिकपलीकडे गेलेले नाही, ही गोष्ट अशा वेळी कुणीच मनावर घेत नाही. पण एका दगडासाठी अर्ज लिहिण्याची पाळी आपल्यावर येईल, असे मात्र मला कधी स्वप्नातही वाटले नव्हते.

ती पाळी आणली माझ्या भाच्याने. निजामाच्या अमदानीत नांदेडकडून हैदराबादेत आलेले आमचे घराणे. आम्ही आता इथलेच. हा भाचा दर रविवारी पहाटे पाठीवर एक जाडजूड गादी बांधून बाहेर पडू लागला, तेव्हा पोरगा कुणाच्या तरी गच्चीवर झोपायला जातो अशी माझी समजूत झाली. पण ती गादी झोपण्यासाठी नव्हती, पडण्यासाठी होती! चार-पाच मुले आणि दोन मुली गावाबाहेर जातात आणि दहा-पंधरा फुटी धोंड्यांवर दोराशिवाय, नुसत्या हातापायांनी चढतात. पडतात, हाताला खडूची पूड चोळतात आणि पुन्हा चढतात. याला बोल्डरिंग म्हणतात. धोंड्यावरच्या प्रत्येक वाटेला ही मंडळी 'प्रॉब्लेम' म्हणतात, आणि माथा गाठला की तो 'सुटला'. एकेका प्रॉब्लेमपायी चार-चार महिने घालवतात हे ऐकून माझ्यातला गणिताचा मास्तर अगदी सद्गदित झाला. माझ्या वर्गात चार मिनिटे देणारा मुलगा मिळेल तर शपथ!

हैदराबाद हे धोंड्यांचे गाव आहे. गोवळकोंड्याचा किल्ला या धोंड्यांना भिंतीत सामावून घेऊनच उभा राहिला. एकावर एक तोलून ठेवलेले ते गोल प्रचंड दगड पाहून, कुणा राक्षसाच्या पोरांनी खेळ अर्ध्यावर टाकून पळ काढला असावा असे लहानपणी मला वाटे. भाच्याने माझे अज्ञान दूर केले. हा ग्रॅनाइट सुमारे अडीचशे कोटी वर्षांचा. जमिनीच्या पोटात असतानाच त्याला उभ्याआडव्या भेगा पडल्या, त्यांतून पाणी झिरपले, कोपरे कुजले, आणि वरची माती वाहून गेल्यावर मधले गोल गाभे तेवढे उरले. म्हणजे कुणी ते रचले नाहीत. ते जागच्या जागी उघडे पडले.

आणि आता जागच्या जागी फुटत आहेत. बंजारा हिल्स, जुबिली हिल्स ही नावे टेकड्यांची. पण तिथे आज टेकडी शोधायला जाल तर बंगल्याचे फाटक आडवे येईल. दगडांची बाजू घेणारे लोक या शहरात नाहीत असे नाही. १९९६ साली 'सोसायटी टु सेव्ह रॉक्स' स्थापन झाली. तिच्या खटपटीने काही धोंड्यांना जुन्या वास्तूंच्या पंक्तीत, वारसा म्हणून, सरकारी यादीत जागाही मिळाली. पण २०१५ साली ते नियमच रद्द झाले. विद्यापीठाशेजारच्या कांचा गच्चीबावलीत चारशे एकरांवर यंत्रे चालू लागली, तेव्हा विद्यार्थी रस्त्यावर आले आणि एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली. झाडांसाठी पुष्कळांच्या डोळ्यांत पाणी आले, आणि ते यावेच. पण झाड पुन्हा लावता येते. धोंडा कुठल्या रोपवाटिकेतून आणणार?

भाच्याच्या मंडळीचे दुखणे याहून लहान होते. ज्या माळावर ती चढतात तो एका वृद्ध गृहस्थांच्या मालकीचा. त्यांनी भोवती भिंत घालायला काढली. चौकीदाराने एका रविवारी हात आडवा केला, "नक्को बाबा, अब इदर आना नक्को!" झाले. मंडळी माझ्या दारात.

"मामा, तुम्ही लिहा. आम्ही लिहिलं की भांडण वाटतं."

मी कागद पुढे ओढला आणि माझे अडले. त्याचे कारण भाच्याला ठाऊक नव्हते. माझे वडील, अण्णा, दगडाच्या खाणीवर कारकून होते. वडारांच्या हजेऱ्या आणि खडीच्या गाड्या मोजणे हे त्यांचे काम. लहानपणी मी त्यांचा डबा घेऊन जाई. कातळावर लाकडे पेटवून त्याचा पापुद्रा कसा सुटतो, ओळीने भोके पाडून त्यांत पाचरा ठोकल्या की हत्तीएवढा धोंडा कलिंगडासारखा कसा दुभंगतो, हे मी तोंडाचा आ करून पाहिले आहे. माझी फी, माझी पाटी, ज्या खोलीत बसून मी अर्ज लिहीत होतो तिचा पाया, सगळे त्या खडीतून आलेले. आता मी कोणत्या तोंडाने लिहू, की महाराज, दगड फोडू नका?

म्हणून तसे लिहिलेच नाही. वाट तेवढी मागितली. मुले काय करतात ते विचारून विचारून लिहिले: सकाळी सहाला येतील, नऊला जातील, आपलाच काय, दुसऱ्यांनी टाकलेला कचराही उचलतील, खडूचे डाग ब्रशने पुसतील, दगडावर नाव रंगवणार नाहीत. (प्रेमिकांनी रंगवलेली नावे पुसण्याचा उद्योगही ही मंडळी करतात.) खरी मेख भाच्याने सांगितली. मालकाला दगडाची काळजी नसते, काळजी असते ती कुणाचा पाय मोडला तर काय याची. तेव्हा प्रत्येकाने आपल्या हातापायांची जबाबदारी आपली, असे लिहून खाली सही केली.

अर्ज घेऊन मीच गेलो. वृद्ध गृहस्थांनी तो दोनदा वाचला, चष्मा काढला आणि विचारले, "मास्टरसाब, ये बच्चे ऊपर जाके करते क्या हैं?"

"उतरते हैं," मी म्हणालो.

ते खो खो हसले. परवानगी मिळाली, ती निम्मी. रस्त्याकडचा तुकडा विकला गेला होता. तिथल्या मोठ्या धोंड्याचे काही करता येणार नव्हते. मागच्या चार धोंड्यांकडे जायला भिंतीत एक दिंडी ठेवली. चैत्रात मोठा धोंडा सुरुंगाने उडवला, त्या दिवशी भाचा जेवला नाही. त्यावरचा एक प्रॉब्लेम त्याचा सुटायचा राहिला होता.

थंडी पडल्यावर त्याने मलाही नेले. थंडीत दगडाला बोट चांगले धरते म्हणे. दिंडीतून वाकून आत गेलो. कादंबरीत निर्दय माणसाला मी आजवर बिनदिक्कत 'पाषाणहृदयी' म्हणत आलो. परंतु पहिल्या उन्हात त्या पाषाणावर तळवा टेकला तर तो गाईच्या पाठीसारखा खरखरीत आणि ऊबदार लागला.

मागच्या बाजूला, छातीच्या उंचीवर, दगडात ओळीने पाच भोके होती. कुणीतरी पाचरांसाठी पाडलेली आणि कुठल्याशा कारणाने तशीच सोडून दिलेली. अण्णांची खाण याच बाजूला होती, नेमकी कुठे ते आता सांगणारे कुणी नाही.

"इथे बोटं बसतात, मामा," भाचा म्हणाला. "यांच्याशिवाय हा प्रॉब्लेम सुटतच नाही."

मी वहाणा काढल्या. दोन बोटे एका भोकात घातली, दोन दुसऱ्यात, आणि पाय उचलला. खालून भाच्याने गादी सरकवल्याचा आवाज आला, आणि दिंडीपाशी उभा असलेला चौकीदार ओरडला, "मास्टरसाब, नौ बजने को आये!"

"पाच मिनट," मी वरूनच म्हणालो. वरून म्हणजे जमिनीपासून दीड फुटावरून.