रिकामं परतलेलं यान

2025 सालच्या रमजानमधली गोष्ट. 19 मार्चची पहाट, अठराव्या रोजाची सेहरी. बायको नेहमीप्रमाणे तीनलाच उठून स्वयंपाकघरात गेली होती. मी तोंड धुऊन बाहेर आलो, तर नात दिवाणावर मोबाइल घेऊन बसलेली. ती इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. रोजे धरते, पण सेहरीला तिला तीन हाका मारल्याशिवाय ती उठत नाही. आज मात्र न उठवता उठलेली.

"नाना, या लवकर. सुनीता विल्यम्स उतरतेय."

मी चष्मा शोधून तिच्या शेजारी बसलो. साडेतीनच्या सुमाराला चार मोठ्या पॅराशूटांना लटकलेलं ते यान अमेरिकेतल्या फ्लोरिडाजवळच्या समुद्रात अलगद टेकलं. थोड्या वेळाने त्याच्याभोवती डॉल्फिन पोहताना दिसले. हातात पोळीचं पीठ तसंच घेऊन बायको दारात उभी राहिली. "अल्लाहचं शुक्र. पोचली बिचारी," म्हणाली आणि परत तव्याकडे गेली.

जेवताना नातीने विचारलं, "नाना, आठ दिवसांसाठी गेली होती ती. 286 दिवसांनी परत आली. ज्या यानातून गेली ते स्टारलायनर तर मागेच रिकामं परत आणलं आणि तेही नीट उतरलं. म्हणजे ही दोघं त्यातूनच आली असती तरी चाललं असतं ना? मग एवढे महिने उगाच?"

सेहरीची वेळ संपत आली होती. पाण्याचा ग्लास उचलत मी म्हटलं, "नंतर सांगतो." रोज एक करता करता ईद होऊन गेली तरी ते सांगणं राहूनच गेलं. प्रश्न अवघड होता म्हणून नव्हे. उत्तर देताना मला एक जुनी गोष्टही सांगावी लागली असती आणि ती मी घरात कुणालाच पुरी सांगितलेली नव्हती. म्हणून आज लिहितो आहे.

माझा आणि अवकाशाचा तसा काही संबंध नाही. माझी सारी उमर बॉयलर हाऊसमध्ये गेली. सेकंड क्लास बॉयलर अटेंडंटचं सर्टिफिकेट घेऊन मी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात लागलो आणि तिथूनच निवृत्त झालो. साडेदहा किलो दाबाची वाफ करायची, प्लँटला पाठवायची, दर तासाला लॉगबुकात आकडे लिहायचे आणि पाळी संपली की खाली सही करायची. सही म्हणजे माझ्या पाळीत बॉयलर ठीक होता याची जबान.

1991 साली आमच्या बॉयलरची गेज ग्लास गळू लागली. गेज ग्लास म्हणजे बॉयलरच्या अंगावर उभी बसवलेली काचेची नळी. आत पाणी किती आहे ते तिच्यात दिसतं. तिच्या खालच्या टोकाशी वाफेची बारीक फूत्कार ऐकू येऊ लागली. अशी वाफ निसटत राहिली की काच तिथे झिजते. शिवाय तिच्यासमोर जी जाड संरक्षक काच असावी लागते, ती आमच्याकडे केव्हाच फुटली होती आणि नवी आली नव्हती. मी लॉगबुकात लिहिलं आणि साहेबांना जाऊन सांगितलंही.

साहेब म्हणाले, "किती दिवस गळतंय, मिस्त्री?"

"पंधरा दिवस झाले."

"पंधरा दिवसांत काही झालं?"

"नाही साहेब."

"मग? माल जायचाय या महिन्यात. शटडाऊनला बघू."

मी आणखी दोनदा लिहिलं. मग लिहिणं सोडलं. गळती तशीच होती, बॉयलर चालत होता, आणि रोज चालतोय हे बघून माझीही भीड चेपली. त्या रकान्यात मी 'ओके' लिहून सही करू लागलो. महिन्याभराने, दुसऱ्या पाळीत, माझा हेल्पर पाण्याची पातळी बघायला वाकला आणि काच फुटली. वीस वर्षांचं पोर. मला चाचा म्हणायचा. त्याचा उजवा डोळा गेला. चौकशी झाली तेव्हा माझ्या त्या तीन नोंदी माझ्या कामाला आल्या. त्याच्या काही कामाला आल्या नाहीत.

याच्या पाच वर्षं आधी, 28 जानेवारी 1986 रोजी, अमेरिकेचं चॅलेंजर यान उड्डाणानंतर 73 सेकंदांत आकाशात तुटून पडलं होतं. सात माणसं गेली. त्यात क्रिस्टा मॅकॉलिफ नावाची एक शाळामास्तरीण होती. पेपरात फोटो पाहून मी हळहळलो होतो, एवढंच. त्यामागची हकिकत मी फार पुढे, निवृत्तीनंतर, हळूहळू वाचली. वाचताना बॉयलर हाऊसच आठवत राहिलं.

चॅलेंजरच्या बाजूला जे दोन मोठे रॉकेट होते, त्यांच्या सांध्यांत रबराच्या कड्या होत्या. आतला तापलेला वायू बाहेर निसटू नये एवढंच त्यांचं काम. आधीच्या काही उड्डाणांत या कड्या जळलेल्या, खाल्लेल्या आढळल्या होत्या. गारठ्यात रबर कडक होतं आणि फट वेळेवर बुजवत नाही. ही रॉकेट बनवणाऱ्या थायोकोल कंपनीतला रॉजर बॉइजोली हा अभियंता सहा महिने आधीच लेखी सांगून चुकला होता की याने माणसं जातील. उड्डाणाच्या आदल्या रात्री फोनवर बैठक झाली. अभियंते म्हणाले, 12 अंश सेल्सियसच्या खाली उडवू नका. सकाळी तर दोनच अंश राहणार होतं. पण नासाच्या लोकांना हे पटेना. मग कंपनीच्या वरच्या साहेबाने अभियंत्यांच्या प्रमुखाला सांगितलं की अभियंत्याची टोपी काढ आणि व्यवस्थापकाची घाल. त्याने घातली. कंपनीचा फ्लोरिडातला माणूस अॅलन मॅकडोनाल्ड याने मात्र मंजुरीच्या कागदावर सही करायला नकार दिला. ती सही दुसऱ्याने केली.

सही करायला नकार! हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

अपघाताच्या चौकशीत रिचर्ड फाइनमन हे शास्त्रज्ञ होते. बर्फाच्या पाण्यात रबराचा तुकडा बुडवून त्यांनी सगळ्यांसमोर दाखवलं की गारठलेलं रबर पूर्ववत व्हायला वेळ लावतं. त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. यान गमावण्याचा धोका वरचे अधिकारी लाखात एक धरत होते आणि हाताने काम करणारे अभियंते शंभरात एक. पुढे 2011 साली शटल यानांचं पर्व संपलं तेव्हा हिशेब असा निघाला: 135 उड्डाणं, दोन यानं गेली, चौदा माणसं गेली. खालच्या माणसांचा अंदाज वास्तवाच्या किती जवळ होता पाहा. चॅलेंजरचं ते उड्डाण पंचविसावं होतं. आधीची चोवीस सुखरूप उतरली होती आणि तीच जणू पुरावा म्हणून पुढे केली जात होती. फाइनमन यांनी याला पिस्तुलात एक गोळी घालून डोक्याला लावण्याच्या खेळाची उपमा दिली. पहिल्या वेळी वाचलात म्हणून दुसऱ्या वेळी वाचालच असं नाही.

"पंधरा दिवसांत काही झालं?" माझ्या साहेबांचा प्रश्न तोच होता.

सतरा वर्षांनी पुन्हा तेच झालं. 1 फेब्रुवारी 2003, शनिवारची संध्याकाळ. आपल्या कर्नालची कल्पना चावला ज्यात होती ते कोलंबिया यान परतताना टेक्सासच्या आकाशात जळालं. आम्ही सगळे टीव्हीसमोर बसलो होतो. माझी अम्मी तेव्हा हयात होती. तिला रॉकेट काही कळत नव्हतं, पण कुणाची तरी लेक उतरायच्या पाऊण तास आधी गेली असं कानावर आलं आणि ती पदराने डोळे पुसत बसली. वेळेचा आकडा तिने चुकीचा ऐकला होता. यान जमिनीपासून फक्त सोळा मिनिटं दूर होतं.

कोलंबियाच्या उड्डाणात, 16 जानेवारीला, इंधनाच्या टाकीवरच्या फोमचा एक तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला होता. वजन पाऊण किलोच्या आसपास. असे तुकडे आधीही सुटले होते. तीनच महिन्यांपूर्वी एक तुकडा रॉकेटवर जाऊन आदळला होता. दर वेळी यान परत आलं, म्हणून फोम पडणं ही देखभालीची किरकोळ बाब ठरली. खालचे काही अभियंते म्हणत होते की लष्कराच्या मदतीने त्या पंखाचे फोटो तरी काढून घ्या. मागणी वर गेली आणि रद्द झाली. रॉडनी रोचा या अभियंत्याने कळकळीचं एक ईमेल लिहून काढलं आणि ते वरिष्ठांना पाठवलंच नाही. यानातल्या सात जणांना 23 जानेवारीला कळवण्यात आलं की तुकडा लागला आहे, पण काळजीचं कारण नाही. पुढे जुलैमध्ये चौकशी मंडळाने तसाच फोमचा तुकडा ताशी आठशे किलोमीटरहून जास्त वेगाने पंखाच्या कडेवर मारून पाहिला. तिथे चाळीस सेंटिमीटरचं भगदाड पडलं.

चौकशी मंडळाने एक गोष्ट नेमकी पकडली. धोका आहे हे सिद्ध करायची जबाबदारी अभियंत्यांवर टाकली गेली होती. वास्तविक धोका नाही हे सिद्ध करणं दुसऱ्या बाजूचं काम होतं. शंका असलेल्या माणसाकडे पुरावा मागायचा आणि पुरावा गोळा करायला लागणारे फोटो मात्र काढू द्यायचे नाहीत, असा तो प्रकार.

आता नातीच्या स्टारलायनरकडे येतो. बोइंग कंपनीचं हे यान 5 जून 2024 रोजी सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर यांना घेऊन निघालं. हेलियम गळत होता. स्थानकाजवळ पोचताना दिशा सांभाळणारे पाच छोटे थ्रस्टर बंद पडले. चार पुन्हा चालू झाले. जमिनीवर चाचण्या केल्या तेव्हा दिसलं की आतलं टेफ्लॉनचं एक छोटं सील उष्णतेने फुगतं आहे. पूर्वी रबराची कडी, आता टेफ्लॉनचं सील. कंपनी म्हणत होती, यान माणसांना आणायला योग्य आहे. कदाचित होतंही. पण नासाने या वेळी प्रश्न सरळ विचारला: योग्य आहे हे आम्हाला खात्रीने दाखवता येतं का? येत नव्हतं. 24 ऑगस्टला त्यांनी यान रिकामं आणायचं ठरवलं. ते जाहीर करताना नासाचे प्रमुख बिल नेल्सन यांनी चॅलेंजर आणि कोलंबियाची आठवण काढली. दोघांसाठी पुढच्या ड्रॅगन यानात दोन जागा रिकाम्या ठेवून पाठवण्यात आल्या. स्टारलायनर सप्टेंबरमध्ये न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात नीट उतरलं.

तर बेटा, तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर हे. यान नीट उतरलं म्हणून त्यांचा निर्णय चुकला असं होत नाही. निर्णय ज्या दिवशी घेतला त्या दिवशी हातात काय माहिती होती, यावरून त्याची परीक्षा करायची. चॅलेंजरच्या आधीची काही उड्डाणं जळक्या कड्यांनिशी सुखरूप उतरली. त्या वेळचे होकार तरीही चुकीचेच होते, फक्त त्यांची शिक्षा उशिरा मिळाली आणि ती होकार देणाऱ्यांना मिळाली नाही. माझी महिनाभराची प्रत्येक 'ओके' सही चुकीची होती. काच फुटली त्या दिवसाचीच तेवढी नव्हे.

यावरून मी भित्रा झालो आहे असं समजू नकोस. सगळे धोके संपल्यावरच जायचं म्हटलं तर माणूस जमीन सोडणार नाही. 1981 साली शटल पहिल्यांदा उडालं तेव्हा ते आधी रिकामं उडवून पाहिलेलंच नव्हतं. जॉन यंग आणि रॉबर्ट क्रिपन त्यात बसले, धोका ओळखून बसले. कल्पना चावलाही हे काम धोक्याचं आहे हे जाणूनच दुसऱ्यांदा गेली होती. पण पंखावर नेमकं काय झालं आहे याची तपासणी कुणी करू दिली नाही, हे काही तिने मान्य केलेल्या धोक्यात बसत नव्हतं. माझ्या हेल्परनेही बॉयलरवर काम करायचा धोका घेतला होता. झिजलेल्या काचेचा घेतला नव्हता. तो मी आणि साहेबांनी त्याच्या वतीने घेतला. उंट आधी बांधावा आणि मग भरवसा ठेवावा, ही शिकवण आपल्या घरांत लहानपणापासून कानावर पडते. दोरी सैल आहे हे दिसत असताना दुसऱ्याच्या उंटाबद्दल भरवसा ठेवणं हा भरवसा नव्हे.

आदल्या रात्री धोका सांगणाऱ्यांत थायोकोलचा बॉब एबेलिंगही होता. आपण पुरेसं बोललो नाही, हा सल त्याने तीस वर्षं बाळगला. 2016 साली त्याने रेडिओवर ते सांगितलं, तेव्हा अनोळखी माणसांनी त्याला धीराची पत्रं लिहिली. त्याच वर्षी तो वारला. तो तर बोलला होता. मी गप्प बसलो होतो.

मागच्या ईदला मी त्या हेल्परच्या घरी गेलो. आता तो पन्नाशी ओलांडलेला गृहस्थ आहे, किराणा दुकान चालवतो. शिरखुर्मा पुढे ठेवत त्याच्या बायकोला म्हणाला, "हे चाचा. यांनी तेव्हा साहेबांना तीनदा सांगितलं होतं, काच बदला म्हणून."

वाटी हातातच राहिली. मी म्हटलं, "चौथ्यांदा नाही सांगितलं, बेटा. आणि खाली सही केली."

तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग वाटीत चमचा ठेवत म्हणाला, "गार होतंय, चाचा. खा."